पाच वाजेपर्यंत सौभाग्यवती

समाज किती पुढारला हे कशावरून ओळखावं, यावर विद्वानांनी बरंच लिहून ठेवलं आहे. कुणी ते रस्त्यांवरून ओळखतो, कुणी शाळांवरून. माझ्या अल्प मतीप्रमाणे, बायकांच्या प्रश्नावर गावातले पुरुष किती वेळ गंभीर चेहऱ्यानं बसू शकतात, यावरून ते ओळखावं. (हे मत मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ते चुकीचं असण्याची शक्यता आहे. माझी बरीचशी मतं कुठेतरी वाचलेली असतात आणि कुठे वाचली ते आठवत नाही.) या मापानं पाहिलं तर आमचं बोरखडी हे गाव नेर तालुक्यातच काय, सबंध यवतमाळ जिल्ह्यात पहिलं यावं.

ही हकीकत कापसाला भाव नव्हता त्या वर्षातली आहे. नेमकं वर्ष सांगणं अवघड आहे, कारण तसं वर्ष एकच नव्हतं. त्या काळात आमच्या जिल्ह्याची काळजी करणाऱ्यांची संख्या जिल्ह्यातल्या पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, झाडांपेक्षा किंचितच कमी होती. पाहणी पथकं आली. अभ्यासगट आले. अभ्यासगटांनी काय अभ्यास केला हे पाहायला आणखी एक गट आला. (त्याला आम्ही सर्वांत चांगला चहा दिला, कारण तोवर आम्हाला सवय झाली होती.) पुरुषांना सगळ्यांनी सगळं विचारलं. झोप लागते का, जेवण जातं का, मन कशात रमतं का. रमत नाही म्हटल्यावर रमवायला कीर्तनकार पाठवले. बायकांनाही प्रश्न विचारले गेले नाहीत असं नाही. प्रत्येक गाडीतून उतरणारा माणूस प्रत्येक घरच्या बाईला आवर्जून विचारायचा, "मालक आहेत का घरी?"

अशा परिस्थितीत एक दिवस नागपूरच्या एका धर्मादाय संस्थेच्या अपेक्षा सिस्टर आमच्या ग्रामोन्नती मंडळाच्या बैठकीला आल्या.

मंडळाबद्दल दोन शब्द सांगणं आवश्यक आहे. मंडळात आम्ही पाच सभासद आहोत. अध्यक्ष घनश्यामभाऊ, यांच्याकडे ओलिताची शेती आणि मोठा आवाज आहे. मधुसूदनराव यवतमाळच्या एका कचेरीतून निवृत्त होऊन आले आहेत आणि कोणत्याही विषयाचा मसुदा करू शकतात, विषय नसला तरीही. गोपाल मंडप आणि लाउडस्पीकर भाड्यानं देतो, त्यामुळे त्याच्याशिवाय कोणतीच सुधारणा शक्य नसते. पूनमसिंग तांड्याचे प्रतिनिधी. आणि मी चिटणीस. मी वाचनालय उघडतो आणि बंद करतो. सभेत सर्वांत कमी बोलणारा माणूस सर्वांत चांगलं लिहीत असेल, असा इतरांचा समज झाला आणि तो दूर करण्याइतकं मला बोलता आलं नाही.

अपेक्षा सिस्टर म्हणाल्या की त्यांची तपासणीची गाडी गावोगाव फिरते. बायकांना होणारे दोन कर्करोग, एक स्तनाचा आणि एक गर्भाशयाच्या मुखाचा, वेळेत सापडले तर बाई वाचते. पहिल्यासाठी सिस्टर हातानं तपासतात. दुसऱ्यासाठी आत साधं व्हिनेगर लावून बघतात, डाग पांढरा झाला तर पुढे पाठवतात. दुखत नाही, फार वेळ लागत नाही आणि जवळजवळ फुकट आहे.

हे सगळं त्यांनी स्वच्छ मराठीत, अवयवांची नावं घेऊन सांगितलं. त्या वेळी पाच सभासदांपैकी दोघं छताकडे बघत होते, एक कॅलेंडरकडे, आणि एक चहा का आला नाही हे पाहायला बाहेर गेला होता. पाचवा मी. मी लिहीत होतो. (नंतर पाहिलं तर त्या पानावर मी तारीख अनेकदा लिहिली होती.)

"तुम्ही फक्त बायकांपर्यंत निरोप पोचवा," सिस्टर म्हणाल्या. "फळ्यावर लिहा, दवंडी द्या, लाउडस्पीकरवर सांगा."

"काय सांगू?" गोपालनं विचारलं.

"हेच. मी सांगितलं ते."

गोपालनं माझ्याकडे पाहिलं, मी घनश्यामभाऊंकडे पाहिलं. घनश्यामभाऊ म्हणाले, "पोचवतो. निरोपाचं काही टेन्शन घेऊ नका तुम्ही." आणि सिस्टर गेल्यावर त्यांनी दार लावून घेतलं. कापसाच्या भावावर चर्चा करताना आम्ही दार उघडं ठेवत असू.

त्यानंतर आमच्या पुढाऱ्यांनी जो विचार केला, तो दाद देण्याजोगा होता. प्रश्न असा होता की निरोप तर पोचला पाहिजे, पण तो निरोप कशाचा आहे हे कुणाला कळता कामा नये. गोपाल म्हणाला, त्याच्या स्पीकरवर आजवर फक्त आरत्या आणि निवडणुका झाल्या आहेत. मधुसूदनरावांनी 'महिलांचे विवक्षित विकार' असा शब्दप्रयोग सुचवला. पूनमसिंग म्हणाले, "विवक्षित म्हंजे काय वो?" मधुसूदनराव म्हणाले, "तेच तर. कुणाला कळणार नाही." पण मग बायका येणार कशाला, ही अडचण उरली.

तेव्हा घनश्यामभाऊंना ती कल्पना सुचली.

दिवस संक्रांतीचे होते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्याकडे घरोघर हळदीकुंकू असतं. बाई एरवी मैत्रिणीकडे जायची तर चार जणांना विचारून जाते, हळदीकुंकवाला न विचारता जाते. सासूसुद्धा अडवत नाही, कारण वाण घरात येतं. "मंग आपण शाळेत हळदीकुंकू ठिवू," घनश्यामभाऊ म्हणाले, "अन् गाडी उभी करू शाळेच्या मांगं. बाई येईन वाणासाठी, अन् जाईन तपासून. बोर्डावर काही ल्याहाचं कामच नाई."

आम्ही सर्वांनी त्यांच्याकडे आदरानं पाहिलं. बाईला तिच्या जीवाच्या धोक्याबद्दल एक अक्षरही न सांगता तिचा जीव वाचवण्याची ही योजना होती, आणि तिला स्टीलची वाटीही मिळणार होती.

फक्त पूनमसिंग म्हणाले, "आमच्या तांड्यात हळदीकुंकू नसते, भाऊ. आमच्या बाया कायले येतीन?"

"वाटी हाये ना."

"मंग येतीन," पूनमसिंग म्हणाले.

निमंत्रणाचा मजकूर मधुसूदनरावांनी केला. त्यात खाली, हळदीकुंकवाच्या निमंत्रणात असते तशी, 'फक्त सौभाग्यवतींसाठी' ही ओळ आपोआप आली. ती कुणी घातली असं म्हणता येणार नाही. ती तिथे असतेच. अशा रीतीनं, ज्या आजाराला नवऱ्याच्या प्रकृतीशी काही देणंघेणं नाही, त्याची तपासणी ज्यांचे नवरे हयात आहेत त्यांच्यापुरती मर्यादित झाली. याला कुणी नावं ठेवू नयेत. प्रत्येक योजनेला पात्रतेचे निकष असतात, आणि निकष असले की कुणीतरी बाहेर राहतंच. नाहीतर निकष कशासाठी ठेवायचे?

बाहेर राहणाऱ्यांत रुक्माबाई होती.

रुक्माबाई आमच्या शेजारी राहते. तिचा नवरा काही वर्षांपूर्वी मळणीयंत्राच्या पट्ट्यात सापडून गेला. ती घनश्यामभाऊंच्या शेतात कापूस वेचते आणि वेचता वेचता बोलते, त्यामुळे तिच्या ओळीतल्या बायकांचं काम लवकर होतं, कारण त्या हसत पुढे सरकतात. निमंत्रणं वाटली त्या दिवशी माझी पत्नी रजनी मला म्हणाली, "अहो, रुक्माबाईच्या छातीत गाठ आहे. मी हात लावून पाहिली. बोराएवढी आहे. दुखत नाही म्हणते ती, आणि मला तेच बरं वाटत नाही. तुमच्या कमिटीत सांगा, तिलाही आत घ्या म्हणावं."

"सांगतो," मी म्हणालो.

मी खरंच सांगणार होतो. संपूर्ण वाक्य मनात तयार होतं, त्यात 'मानवतेच्या दृष्टीनं' हे शब्दही होते. दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत मी हात वर केला. घनश्यामभाऊ म्हणाले, "बोला काकाजी."

"खिडकी उघडू का?" मी म्हणालो. "फार गरम होतं आहे."

जानेवारी महिना होता. सूचना एकमतानं मंजूर झाली.

शिबिराचा दिवस उजाडला. गोपालनं शाळेच्या पटांगणात मंडप घातला. दारात घनश्यामभाऊंच्या पत्नी विमलताई करंडा घेऊन उभ्या राहिल्या. शाळेमागे पांढरी गाडी लागली. त्या गाडीच्या दारासमोर आम्ही मंडळाच्या पाच खुर्च्या मांडल्या आणि कामावर बारीक लक्ष ठेवण्यासाठी बसलो.

बायका आल्या. नवीन लुगडी नेसून, ठेवणीतल्या बांगड्या घालून, घोळक्यानं आल्या. विमलताईंनी कुंकू लावलं, तिळगूळ दिला, वाटी दिली. बायकांनी वाट्या वाजवून पाहिल्या आणि घोळक्यानं घरी गेल्या. दुपारपर्यंत वाटप झालेल्या वाट्या एकशे बारा आणि तपासणी झालेल्या बायका सात, अशी प्रगती होती. वाटी अगोदर दिल्यामुळे हे घडलं, असं निदान मधुसूदनरावांनी केलं. मग वाटी तपासणीनंतर देण्याचं ठरलं. त्यामुळे वाट्यांचं वाटपही थांबलं.

थांबलेल्या बायकांची कारणं मी दारापाशी उभा राहून ऐकली, ती अशी. "मले काय झालं तपासाले?" "मालकाले इचारतो अन् मंग येतो." "सासू भायेर बसली हाये." "तू जाय अगोदर, मंग मले सांग." "तू काहून नाई जात?" आणि एक बाई आमच्या खुर्च्यांकडे बोट दाखवून म्हणाली, "थे बुढे तिथं कायले बसले?"

हे शेवटचं अपेक्षा सिस्टरनाही ऐकू गेलं. त्या गाडीतून खाली उतरल्या.

"तुम्ही इथे का बसला आहात?"

"देखरेख," घनश्यामभाऊ म्हणाले.

"कशावर?"

या प्रश्नाचं उत्तर पाचांपैकी कुणालाच सभ्य शब्दांत देता आलं नाही. आम्ही खुर्च्या उचलल्या आणि जरा मागे मांडल्या. सिस्टर तशाच उभ्या होत्या. आम्ही आणखी मागे मांडल्या. अशा प्रकारे आम्ही हळूहळू, पण मानानं, पटांगणाच्या पलीकडच्या कुंपणाला टेकलो.

कुंपणापलीकडे, रस्त्याच्या कडेला, लिंबाच्या झाडाखाली वीस-पंचवीस बायका बसल्या होत्या. कुणाच्या कपाळाला कुंकू नव्हतं. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, म्हणून त्या आत आल्या नव्हत्या. पण तपासणीची गाडी आली हे गावभर झालं होतं (आमच्या गुप्ततेचा हा एवढाच परिणाम झाला), म्हणून त्या कामावरही गेल्या नव्हत्या. पुढे रुक्माबाई होती. रजनी तिच्याजवळ बसली होती. कपाळाला कुंकू असताना रजनीनं बाहेर बसणं निमंत्रणाच्या विरुद्ध होतं, पण त्याबद्दल निकषांत काही म्हटलेलं नव्हतं.

घनश्यामभाऊंनी रुक्माबाईला पाहिलं. मन मोठं आहे त्यांचं. ते म्हणाले, "रुक्माबाई, तुमच्यासाठी वेगळा कॅम्प घेऊ. खास."

"कधी?"

"ठराव करू न आता. बैठकीत."

"बरं," रुक्माबाई म्हणाली. "मंग गाठीले सांगतो, ठराव होईस्तोर तू वाढू नोको मने, भाऊची बैठक हाये."

झाडाखालच्या बायका हसल्या. घनश्यामभाऊ पण हसले, कारण त्यांना नेमकं काय सांगितलं गेलं ते कळायला थोडा वेळ लागला. रजनी हसली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं, जिथे कुठलीही खिडकी नव्हती.

याच सुमारास अपेक्षा सिस्टरनी येऊन सांगितलं की अशा सात बायकांसाठी गाडीचं डिझेल परवडत नाही. संस्थेचा नियम आहे, जिथे चाळीस बायकाही होत नाहीत तिथे पुढल्या वर्षी गाडी येत नाही. "बाभुळगावकडच्या एका गावात परवा त्रेसष्ट झाल्या," त्या म्हणाल्या, आणि गावाचं नाव सांगितलं.

घनश्यामभाऊ उभे राहिले. ते गाव त्यांच्या साडूचं होतं.

साडू म्हणजे काय, हे मी विस्तारानं सांगत नाही. दोन पुरुष एकाच सासऱ्याचे जावई असले की त्यांच्यात जे काही असतं, त्याची तुलना दोन देशांतल्या सरहद्दीशीच करता येईल. घनश्यामभाऊंच्या साडूनं आधी बोअर खणली, तर घनश्यामभाऊंनी खोल खणली. साडूनं ट्रॅक्टर घेतला तर यांनी रंग निवडायला तीनदा नागपूर केलं. आता साडूच्या गावात त्रेसष्ट बायका तपासल्या गेल्या होत्या आणि बोरखडीत सात. कुठल्याही पाहणी पथकाला जे जमलं नव्हतं, ते या एका आकड्यानं केलं. घनश्यामभाऊंना स्त्रियांच्या आरोग्याची मनापासून काळजी वाटू लागली.

"बैठक!" ते म्हणाले.

कुंपणापाशीच तातडीची बैठक भरली. बाहेर वीस-पंचवीस बायका बसलेल्या आहेत, हे सर्वांना दिसत होतं. त्यांना आत घेतलं तर हळदीकुंकू बाटतं, हेही सर्वांना माहीत होतं. न घेतलं तर साडू जिंकत होता. पेच मोठा होता. मधुसूदनरावांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "नियम मोडायचा नाही. शिथिल करायचा. आमच्या ऑफिसात सगळं शिथिल करूनच चालायचं." आणि त्यांनी जागेवर मसुदा सांगितला. मी तो लिहून घेतला. तो असा:

'सर्वानुमते ठरले की, गावातील ज्या भगिनींचे पती कालवश झालेले आहेत, त्यांना आजच्या शिबिरापुरते व सायंकाळी पाच वाजेपर्यंत सौभाग्यवती समजण्यात यावे. सदर सवलतीचा पूर्वापार रूढीवर कोणताही परिणाम होणार नाही. सदर सवलत पुढे दाखला म्हणून दाखवता येणार नाही.'

पूनमसिंग म्हणाले, "अन् थे पारबतीचं काय? तिचा नवरा पुसदले दुसरी घेऊन बसला हाये."

यावर थोडी चर्चा झाली. नवरा हयात आहे, म्हणजे ती सकाळपासूनच पात्र होती, फक्त तिला कुणी बोलावलं नव्हतं, असा निष्कर्ष निघाला. पारबतीची बाब निकाली काढण्यात आली.

ठराव वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. मी कुंपणापाशी उभा राहिलो आणि वाचला. आवाज फार खाली गेला होता, म्हणून पुन्हा वाचायला सांगण्यात आलं.

"काकाजी," रुक्माबाई म्हणाली, "म्हंजे पाचपर्यंत माह्या नवरा जिता हाये?"

"कागदोपत्री," मी म्हणालो.

"अन् पाचनंतर?"

"पूर्ववत."

"मंग भाऊ, त्याले पाचपर्यंत माह्या वावरात धाडून द्या न. थोडी पराटी उपटून देईन बिचारा. आलाच हाये तर."

या वेळी घनश्यामभाऊंना लगेच कळलं. पण साडू डोळ्यांसमोर होता, म्हणून त्यांनी ऐकलं नाही असं केलं आणि फाटक उघडलं.

यानंतर जे घडलं त्याची नोंद घेणं मला शास्त्रीय दृष्ट्या महत्त्वाचं वाटतं. (माझा शास्त्राचा अभ्यास नाही. वाचनालयात शास्त्राची जी पुस्तकं आहेत, त्यातली निम्मी वाळवीनं माझ्या आधी वाचली.) सकाळपासून जी तपासणी अडली होती ती भराभर सुरू झाली. कारण साधं होतं. विधवांकडे या तपासणीला लागणारी सर्वांत मोठी पात्रता होती. विचारायला घरात मालक नव्हता. मंडळानं इतके दिवस पात्र आणि अपात्र यांची जी विभागणी केली होती, ती बरोबरच होती. फक्त नावं उलटी पडली होती.

रुक्माबाई पहिली निघाली, पण गाडीच्या पायरीपाशी अडली. "काकू," ती रजनीला म्हणाली, "मले एकटीले नाई जमत व."

"मी येते. चल," रजनी म्हणाली, आणि दोघी आत गेल्या. दार लागलं.

त्या किती वेळ आत होत्या ते मी पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी उपयोग नव्हता, कारण माझं घड्याळ मी सारखं कानाशी नेत होतो.

दोघी बाहेर आल्या. रुक्माबाईच्या हातात घडी केलेली चिठ्ठी होती. दारात जमलेल्या बायकांनी तिला घेरलं. त्यांत सकाळी वाट्या घेऊन गेलेल्या आणि आता परत आलेल्याही होत्या.

"काय करते व आत? दुखते का?"

"नाई व. सिस्टर हात लावते, अन् इचारते. मले तर इतक्या वर्सांत पयल्यांदा कोणी इचारलं, बाई तुले कुठं दुखते मनून." मग तिनं चिठ्ठी वर धरली. "माह्यी गाठ सापडली. यवतमाळले सुई लावून पाहाचं मने. तुमची नाई सापडीन कदाचित. पण पाह्यल्याबिगर समजीन कशी?"

झालं. रांग लागली. आधी विधवा, त्यांच्यामागे पारबती, त्यांच्यामागे तांड्याच्या बायका, आणि सर्वांत शेवटी सकाळच्या सौभाग्यवती. असा क्रम आमच्या गावात याआधी कोणत्याही मंगलकार्यात लागलेला नव्हता. मधुसूदनरावांनी तो पाहिला आणि चष्मा काढून ठेवला.

पाच वाजायला आले तेव्हा रांग एक-तृतीयांशही संपली नव्हती. कायदेशीर पेच उभा राहिला. रांगेत अजून सहा जणी अशा होत्या, ज्या गाडीत चढताना सौभाग्यवती असत्या आणि उतरताना नसत्या. मंडळानं मुदतवाढ दिली. मुदतवाढीशिवाय कुठलंही काम पूर्ण झाल्याचं आपण ऐकलेलं नाही, असं मधुसूदनराव म्हणाले, आणि त्या कामी त्यांचा अनुभव मोठा आहे.

मग ती गोष्ट घडली, जिची नोंद इतिवृत्तात नाही. विमलताई सकाळपासून दारात करंडा घेऊन उभ्या होत्या. रांगेकडे पाहत होत्या. एकदम त्यांनी करंडा रुक्माबाईच्या हातात दिला. "धर व उलसा," त्या म्हणाल्या. "मी जाऊन येतो."

"मी? कुकू?" रुक्माबाई म्हणाली.

"मंग कोण? भाऊ धरते का?"

विमलताई आत गेल्या. रुक्माबाई दारात करंडा घेऊन उभी. तेवढ्यात कापसाच्या जिनिंगमधून सुटलेल्या बायकांचा एक घोळका आला. त्यांना काहीच माहीत नव्हतं. दारात करंडा दिसला, त्यांनी सवयीनं कपाळं पुढे केली. रुक्माबाईनं एकदा आमच्याकडे पाहिलं. मग तिनं बोट करंड्यात बुडवलं आणि एकेकीला कुंकू लावलं, ठसठशीत.

घनश्यामभाऊंनी मधुसूदनरावांकडे पाहिलं. मधुसूदनराव म्हणाले, "विषयपत्रिकेवर नाही." त्यामुळे चर्चा झाली नाही.

त्या दिवशी एकूण पासष्ट बायकांची तपासणी झाली. साडूपेक्षा दोन जास्त. घनश्यामभाऊंनी रात्रीचं जेवण दोनदा केलं असं ऐकतो.

रुक्माबाईला रजनी एस.टी.नं यवतमाळला घेऊन गेली. मी सोबत येतो म्हणालो होतो. रजनी म्हणाली, "नको. तुम्ही तिथे काय उघडणार?" सुईच्या तपासणीत कर्करोग निघाला. पण लहान होता, वेळेत सापडला, असं डॉक्टर म्हणाले. ही बातमी गावात आली तेव्हा घनश्यामभाऊ म्हणाले, "साडूच्या गावात एक पण नाई सापडली." हे ते दुष्टपणानं म्हणाले नाहीत. नागपूरला रुक्माबाईच्या शस्त्रक्रियेच्या वेळी जीप त्यांनीच दिली, आणि दवाखान्याच्या आवारात ते दिवसभर उभे राहिले. (कोणत्या वॉर्डाच्या आवारात उभे आहेत, हे मात्र त्यांनी फोनवर विचारणाऱ्याला सांगितलं नाही. 'हाडाच्या दवाखान्यात' म्हणाले.)

रजनीनंही त्या दिवशी गाडीत स्वतःची तपासणी करून घेतली होती. मला ते महिन्यानं कळलं. मी म्हणालो, "सांगितलं नाहीस." ती म्हणाली, "विचारलं नाहीत." ती ठीक आहे. मी नंतर विचारलं. तीन वेळा वाक्य जुळवून विचारलं, आणि तिसऱ्यांदा ते पूर्ण बाहेर आलं.

रुक्माबाई पेरणीच्या आधी परतली. डोक्याचे केस गेले होते, आवाज मात्र वाढून आला होता. आता ती सकाळी एस.टी.च्या थांब्यावर उभी राहते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारते. बायकांना हळू विचारते, पुरुषांना मोठ्यानं. "काहो, वहिनीले यंदा दाखवलं का?" कुणी "कशाबद्दल?" असं म्हटलं तर ती अवयवाचं नाव घेऊन सांगते, सगळ्या थांब्याला ऐकू जाईल असं. याचा परिणाम चांगला झाला. पुढल्या दोन वर्षांत गाडीला बायका कमी पडल्या नाहीत. हळदीकुंकूही लागलं नाही. दुसरा परिणाम असा की गावातले बरेच पुरुष आता थांब्यावरून जात नाहीत. ते जिनिंगच्या मागच्या बाजूनं जातात. तिथे चांगली मळलेली पायवाट तयार झाली आहे, आणि तिच्या काँक्रिटीकरणाचा प्रस्ताव मंडळानं वर पाठवला आहे.

आपण, वाचक, यापासून पूर्ण सुरक्षित आहात. आपल्या थांब्यावर रुक्माबाई उभी नसते. आपण हे घरात निवांत बसून वाचलंत आणि आमच्या मंडळाला हसलात, तेही योग्यच केलंत. आमचं मंडळ आहेच तसं. मला वाटतं (चुकत असेन तर क्षमा करा), वाचता वाचता एखाद्या ठिकाणी आपण जरा मोठ्यानं हसलात, आणि आतून भांडी घासता घासता कुणीतरी विचारलं, "काय वाचून राह्यले एवढं हसून?"

आणि आपण म्हणालात, "काही नाही."